कपाळावरचं मेण

"पूस ते."

डॉक्टरसाहेबांनी चिमट्यात कापसाचा बोळा धरला होता. झायलीनमध्ये, मेण विरघळवणाऱ्या औषधात बुडवलेला. त्याचा उग्र वास नाकात गेला, पण काय पुसायचं ते मला कळेना. टेबल तर मी सकाळीच पुसलं होतं.

"काय पुसू, साहेब?"

"कपाळ. ते कुंकू, आणि त्याच्याखालचं मेण."

खोलीत पाहुणे होते. इंदूरचे दोन मोठे डॉक्टर, भोपाळहून आलेल्या एक बाई. आमच्या लॅबचे मांगीलाल भिया भिंतीला टेकून उभे होते. मशीनपाशी अदिती बसली होती. ती इंदूरची, या मशीनवर शिकायला आलेली मुलगी. समोरच्या पडद्यावर एक रेघ होती, डोंगरासारखी वर चढणारी, खाली उतरणारी. त्यातली काही टोकं फार उंच. ती टोकं मेणाची आहेत असं सगळे म्हणत होते. त्यांना कॅन्सरच्या मांसाची रेघ हवी होती. आली होती मेणाची. मघापासून साहेबांचा चेहरा त्यामुळे उतरला होता.

आता सगळे पडद्याकडून माझ्याकडे वळले.

"देखिए, ये रहा सोर्स," साहेब पाहुण्यांना म्हणाले. "हमारी पुरानी मराठी औरतें कुंकू के नीचे मोम लगाती हैं. वही हाथ माथे पे, वही हाथ स्लाइड पे."

इंदूरचे एक डॉक्टर हसले. "वाह, ये तो किसी किताब में नहीं मिलेगा."

माझ्या हातात हातमोजे होते. ते कुणी पाहिलं नाही. मीही म्हणाले नाही, की साहेब, मी मोजे घालून काम करते. माझ्या तोंडातून शब्द येत नाहीत. चार माणसं असली की तर नाहीतच. लहानपणापासूनचं आहे.

मी बोळा घेतला. पुसलं.

माझा नवरा जिवंत आहे. त्या दिवशी सकाळी पोहे खाऊन, सेव कमी पडली म्हणून कुरकुर करून तो पाळीवर गेला होता. आणि मी परक्या पुरुषांसमोर, भर दिवसा, कपाळ पुसत उभी होते.

"अजून. मेण राहिलंय."

पुन्हा पुसलं. कातडी जळायला लागली. झायलीन मेण खातं, तसं कातडीही खातं. लाल झालेला बोळा साहेबांनी परत चिमट्यातच घेतला आणि पिवळ्या डब्यात टाकला. आमच्याकडे पिवळ्या डब्यात माणसाचे कापलेले तुकडे जातात.

"आता बाहेर जा. या खोलीत पुन्हा पाय ठेवू नको."

मी गेले.

माझे वडील बुलढाण्याकडून देवासला आले ते कारखान्यात काम मिळालं म्हणून. त्या वेळी इंडस्ट्रियल एरियात मराठी माणसं खूप आली. कुणी बाबू झालं, कुणी फिटर झालं. माझे वडील गटारं साफ करायला लागले, कारखान्याची. आमच्यासारख्यांना त्यासाठीच बोलावलं होतं. मी चौथीपर्यंत शिकले, मराठी शाळेत. मग आई कामाला जाऊ लागली, धाकटी भावंडं माझ्या गळ्यात आली आणि शाळा सुटली. पण मराठी लिहिता येतं. माझी मुलं हिंदी शाळेत गेली, त्यांना मराठी वाचता येत नाही. म्हणून हे मी मराठीत लिहिते आहे. घरात कुणी वाचणार नाही.

साहेबांचं घराणं जुनं. त्यांचे पणजोबा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते. देवीच्या टेकडीच्या खालच्या बाजूला त्यांचं घर आहे. त्यांची मराठी ऐकत राहावी अशी. आमच्या घरात कुणी तसं बोलत नाही. मी पहिल्यांदा लॅबमध्ये झाडू मारायच्या कामाला गेले तेव्हा त्यांनी मराठीत विचारलं, "गाव कुठलं तुमचं?" मला किती बरं वाटलं. देवासला मोठी माणसं आमच्याशी हिंदीतच बोलतात. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं.

"अच्छा," ते म्हणाले.

एवढंच. पण त्या 'अच्छा'नंतर 'तुमचं' गेलं आणि 'तुझं' आलं. आणि त्यानंतर त्यांनी मला हातातून हातात कधी काही दिलं नाही. टेबलावर ठेवायचे, मी उचलायची. माझ्याकडून घ्यायचं असलं की म्हणायचे, "ठेव तिथं."

संक्रांतीला त्यांच्या घरी हळदीकुंकू असतं. एका वर्षी मलाही बोलावलं. आदल्या दिवशी तीळ निवडायला आणि दुसऱ्या दिवशी पेले धुवायला. बायका येत होत्या, वहिनीसाहेब प्रत्येकीच्या कपाळाला बोट लावत होत्या. मी मोरीपाशी उभी होते. निघताना त्यांनी माझ्या हातावर वरून एक कागदाची पुडी सोडली. आत चिमूटभर कुंकू.

"घरी गेलीस की लाव हं," त्या गोड आवाजात म्हणाल्या.

ती पुडी मी घरी आणली. सासूबाईंनी विचारलं, "त्यांनी लावलं नाही?" मी म्हटलं, "गर्दी होती." खोटं बोलले. तेव्हा मला वाटायचं, असंच असतं. आपण कामाला जातो, आपल्याला काय करायचं.

काम मात्र मला आवडायचं. झाडू मारता मारता मांगीलाल भियांनी मला बाकीचं शिकवलं. ते धारकडचे, डहीच्या बाजूचे. फार बोलायचे. "बाई, तू झाडू मारते तो भी धूल को सॉरी बोल के मारती है," असं म्हणायचे आणि आपणच हसायचे.

ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा आमच्याकडे येतो. लहानसा, कधी हरभऱ्याएवढा. त्यातलं पाणी काढून घेतात आणि पाण्याच्या जागी गरम मेण भरतात. पांढरं मेण, कारखान्यातलं, खनिज तेलापासून केलेलं. थंड झालं की मेणाची वडी होते, तिला ब्लॉक म्हणतात. तुकडा तिच्यात वर्षानुवर्षं राहतो, सडत नाही. मग यंत्रावर वडीचा पातळ पापुद्रा कापतात, कोमट पाण्यावर सोडतात, काचेवर उचलतात. काच गरम करून झायलीनमध्ये बुडवली की मेण निघून जातं आणि मांस काचेवर उरतं. मेण वितळवणं, काचा बुडवणं, धुणं माझ्याकडे आलं. त्याचे पगारात पैसे काही वाढले नाहीत, पण मोजे मिळाले, निळा कोट मिळाला. निळा कोट घालून मी पहिल्यांदा आरशात पाहिलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "ओहो, डॉक्टरीणबाई! माझं बीपी बघा जरा."

प्रत्येक वडीत एक माणूस असतं. नाव माहीत नसतं, पण कागदावर असतं, बाई, स्तन. पुरुष, जीभ. मी त्या काचा जपून धुवायची. मला वाटायचं, ही बाई कुठंतरी बसून वाट बघत असेल.

मग ते मशीन आलं. दुसऱ्या मोठ्या ठिकाणाहून काही दिवसांसाठी आणलेलं. ते काचेवरच्या मांसावर उजेडाचा बारीक किरण टाकतं. परत येणाऱ्या उजेडाची रेघ पडद्यावर उमटते. अदिती सांगायची, चांगल्या मांसाची रेघ वेगळी, कॅन्सरची वेगळी. हे जमलं तर कपाटातल्या जुन्या वड्यासुद्धा पुन्हा तपासता येतील. पण मेण त्या रेघेत घुसायचं. मेणाची टोकं एवढी उंच, की मांसाची टोकं त्याच्याखाली दबून जायची. साहेबांचं नाव त्या कामाला लागलेलं. पाहुणे बघायला आलेले. आणि पडद्यावर मेण.

कुणावर तरी ढकलायला हवं होतं. मी समोर होते.

त्या दिवशी घरी आले तर सासूबाई दारातच ओरडल्या. "अगं, कपाळ पांढरं! काय झालं? बाळ्याला काय झालं?"

बाळ्या म्हणजे आमचे हे. ते आतून चहाचा कप घेऊन बाहेर आले. "मला काय व्हायचंय? हा काय उभा आहे."

"मग हे पुसलं कुणी? कुठल्या मेल्यानं पुसायला लावलं?"

सासूबाई धरमपुरीच्या. नर्मदेच्या काठी वाढलेल्या. त्या अजून जुन्या पद्धतीनं कुंकू लावतात, आधी बोटानं मेणाचा ठिपका, मग त्यावर कोरडं कुंकू दाबायचं. दिवसभर हलत नाही. मेण मधमाशीचं. उदयनगरच्या जंगलातून मध विकायला येणारी एक बाई पोळ्याचं मेण आणून देते, सासूबाई ते तेलात कढवून डबीत भरतात. लग्न झालं तेव्हा त्यांनी मला एक डबी दिली होती. टिकली लावली की मला खाज सुटते, म्हणून मी मेणच लावत आले.

मी सगळं सांगितलं. साहेबांचं नावही सांगितलं.

"मोठा माणूस आहे," हे म्हणाले.

सासूबाईंनी माझ्या कपाळाला खोबरेल लावलं. कातडी लाल झाली होती, सुजली होती. मग त्यांनी माझी डबी उचलली आणि वरच्या फळीवर ठेवून दिली. "खाज सुटली तरी चालेल. उद्यापासून टिकली लाव. काम टिकलं पाहिजे."

मला साहेबांचं जेवढं लागलं तेवढंच हे लागलं. माझ्या बाजूनं घरातही कुणी नव्हतं. मी तरी कुठं होते? मीही टिकली लावून दुसऱ्या दिवशी कामाला गेले.

मला बाहेरच्या मोरीवर बसवलं. बाटल्या धुवायच्या, फरशी पुसायची. निळा कोट काढून घेतला. मेणाचं सगळं काम मांगीलाल भिया एकटे करू लागले. लॅबमध्ये कुणी मला काही बोललं नाही, पण एक तंत्रज्ञ पोरगी माझ्या हातातलं पाणी घेताना म्हणाली, "बाई, इसमें मोम तो नहीं है ना?" आणि बाकीच्या हसल्या. मीही हसले. लाज वाटते लिहायला, पण हसले.

असे बरेच दिवस गेले. मी आत नव्हते. माझा हात कुठल्याच काचेला लागत नव्हता. आणि एका दुपारी मांगीलाल भिया मोरीवर हात धुवायला आले.

"बाई, मोम तो अब भी आ रिया है."

"कुठं?"

"मशीन में. वोई के वोई. मैंने दो दफे धोया, तीन दफे धोया. साब चिल्ला रिये हैं."

"आणि कपाळ कुणाचं पुसतायत आता?" माझ्या तोंडून गेलं.

भिया एवढ्या जोरात हसले की आतून कुणीतरी ओरडलं. "अरे बाई! तू बोलती भी है?"

मी कधी असं बोलले नव्हते. ते वाक्य कुठून आलं मला माहीत नाही. पण ते आल्यावर छातीत काहीतरी सुटलं. दिवसभर मी ते वाक्य मनात म्हणत राहिले. आणि कुणाचं कपाळ? आता कुणाचं?

पुढच्या आठवड्यात अदिती मोरीपाशी आली. ती घरी मराठी बोलते पण निम्मं हिंदी असतं. "ताई, एक काम होतं. तुमची ती मेणाची डबी आणाल का? थोडंसं मेण हवंय."

माझा हात पाण्यात तसाच राहिला. "आता डबीपण पुसायची आहे का?"

"नाही, नाही, ताई. मला मशीनवर बघायचंय. तुमचं मेण आणि ते मेण एकच आहे का. मला वाटतं नाहीये. पण वाटून काय, दाखवावं लागेल ना."

दुसऱ्या दिवशी मी फळीवरची डबी खाली घेतली आणि पदरात घालून नेली. अदितीनं सुईच्या टोकानं थोडं काढलं. जेवणाच्या सुट्टीत आत कुणी नव्हतं. तिनं मला बोलावलं. मी उंबऱ्यावर थांबले.

"या ना आत."

"पाय ठेवायचा नाही म्हणून सांगितलंय."

तिनं पडदा माझ्याकडे फिरवला. मी बाहेरूनच पाहिलं. तीन रेघा होत्या, एकाखाली एक. वरची कारखान्याच्या मेणाची. मधली माझ्या डबीतली. खालची आमच्या काचेवरची, ज्या काचेसाठी मला बाहेर काढलं ती.

"ही दोन्ही मेणं बहीण-बहीण आहेत, खूप सारखी," ती म्हणाली. "पण मधमाशीच्या मेणाला हे एक टोक जास्त असतं. हे बघा. आता खाली बघा. आहे?"

खाली ते टोक नव्हतं. मला रेघा वाचता येत नाहीत. पण नसलेलं मला दिसलं.

"मग ते कुठून येतं?"

"ब्लॉकमधूनच. तुकड्यात इतकं आत भरलेलं असतं की झायलीननं सगळं निघतच नाही. कुणीही धुतलं तरी. दुनियाभर हाच प्रॉब्लेम आहे, ताई, लोकांनी लिहून ठेवलंय. आता मी काय करतेय, नुसत्या मेणाचीच रेघ खूप वेळा घेतेय. कॉम्प्युटरला मेण ओळखायला शिकवायचं. मग तो प्रत्येक रेघेतून मेण तेवढं वजा करतो. मांस राहतं."

"म्हणजे पुसायची गरजच नव्हती."

"नाही."

"हे तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं?"

ती खाली बघायला लागली. बोटातली अंगठी फिरवत राहिली. "पक्कं नव्हतं. पण कुंकवाचं नसणार, हे माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मैं डर गई थी, ताई."

मला राग आला, तरी मी तिला काही म्हटलं नाही. घाबरणं मला माहीत आहे. पण तिचं घाबरणं आणि माझं घाबरणं एक नव्हे, हेही त्या वेळी कळलं. ती घाबरली, तिचं काही गेलं नाही. माझ्या कपाळाची साल निघाली.

"साहेबांना सांगितलं?"

"काल सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बरं, ठीक आहे, पुढे चल."

बरं, ठीक आहे, पुढे चल. रात्री पडल्या पडल्या हेच कानात. मेणाची टोकं कुठून आली ते कळलं, त्यावर उपाय निघाला, सगळे पुढे गेले. माझ्यावरचा आळ मात्र तिथंच राहिला. तो कुठल्या कॉम्प्युटरनं वजा करायचा?

मग मांगीलाल भियांची बायको आजारी पडली आणि ते सुट्टी टाकून डहीला गेले. काम अडलं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर निळा कोट घडी घालून ठेवला होता.

"घे. उद्यापासून आत ये."

मी कोटाकडे पाहिलं. उचलला नाही.

"अगं, घे ना."

"साहेब, ते मेण माझं नव्हतं."

"हो, हो. कळलं ते. झालं गेलं विसरून जायचं. आपण मराठी माणसं इथं परमुलखात. आपण एकमेकांना सांभाळून घ्यायला हवं."

आपण. इतक्या वर्षांत त्यांनी मला 'आपण' पहिल्यांदा म्हटलं, आणि ते त्यांना माझी गरज पडली त्या दिवशी.

मी टेबलाची कड धरली. टेबल त्यांचं, हात माझा, ते बघत होते हाताकडे. मी काढला नाही.

"मी आत येईन, साहेब. पण ज्यांच्यासमोर माझं कपाळ पुसायला लावलंत, त्यांच्यासमोर सांगा की माझी चूक नव्हती."

ते आधी हसले. खरंच हसले. "म्हणजे मी तुझी माफी मागू?"

"माफी नको. जे खरं आहे तेवढं सांगा."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर मी मोरीवर बसते. बाटल्या धुते. मेणाला हात लावणार नाही."

"कुणी शिकवलं हे तुला? त्या अदितीनं?"

हे मला सगळ्यात जास्त लागलं. एवढंसं बोलायलाही मला कुणीतरी शिकवलेलं असणार. कपाळ माझं जळलं, पण दुखतंय हे दुसऱ्या कुणीतरी येऊन मला सांगितलं असणार.

"कुणी नाही शिकवलं," मी म्हटलं. निळा कोट तिथंच राहिला.

घरी कळलं तेव्हा वाद झाला. हे म्हणाले, "बोलावतायत ना आत? मग जा की मुकाट्यानं. ते काय आता पाहुण्यांना पुन्हा गोळा करणार आहेत का तुझ्यासाठी?" सासूबाई भाकरी थापत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू जेव आधी."

पण पाहुणे गोळा झाले. माझ्यासाठी नाही, मशीनच्या कामासाठी. रेघा आता साफ येत होत्या, ते दाखवायचं होतं. तेच इंदूरचे डॉक्टर, त्याच भोपाळच्या बाई, आणखी काही नवे लोक. मला चहा द्यायला सांगितलं. मी ट्रे घेऊन दाराशी उभी राहिले. पडद्यावर आधी मेणानं भरलेली रेघ, मग मेण काढून टाकलेली. मांसाची बारीक बारीक टोकं उघडी पडलेली. सगळे वा वा म्हणत होते. मलाही ती रेघ बघून बरं वाटलं, खोटं का बोलू. त्या काचा कधीतरी मीही धुतल्या होत्या.

साहेब खुशीत होते. बोलता बोलता म्हणाले, "शुरू में तो हमने अपनी बाई के कुंकू को ही पकड़ लिया था! याद है ना आपको?"

सगळे हसले. जे त्या दिवशी नव्हते तेही हसले. एकानं विचारलं, "फिर? निकला क्या कुंकू से?"

"अरे छोड़िए," साहेब हात हलवून म्हणाले आणि पुढचं चित्र लावलं.

इथं ते सांगू शकले असते. एका वाक्याचं काम होतं. प्रश्नही कुणीतरी आयता विचारला होता. तरी त्यांनी सांगितलं नाही. हसू घेतलं आणि खरं सोडून दिलं.

मी ट्रे खाली ठेवला. फरशीवरच. कप वाजले. सगळ्यांनी मान वळवली.

"साहेब, त्यांनी विचारलं ते सांगा."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. किरटा, फुटका.

"काय चाललंय?" साहेब म्हणाले. "चहा दे."

"निकला की नहीं निकला, ते सांगा. मला यांच्यासमोर पुसायला लावलं होतं. मेण माझं नव्हतं. तुम्हाला माहीत आहे. आता यांच्यासमोर सांगा."

"क्या बोल रही है ये?" भोपाळच्या बाईंनी विचारलं.

मग अदिती उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "ये कह रही हैं कि मोम इनका नहीं था," ती म्हणाली. "सही कह रही हैं. मैंने चेक किया था. सर को पता है."

भोपाळच्या बाईंनी साहेबांकडे पाहिलं, मग मोबाइल काढला आणि त्यात बघायला लागल्या. इंदूरचे डॉक्टर खोकले. साहेबांनी घड्याळ बघितलं.

"चाय ठंडी हो रही है," ते म्हणाले.

आणि लोकांनी खाली वाकून, फरशीवरच्या ट्रेमधून, एकेक कप उचलला. चहा प्यायले. मी उभी होते. मला वाटलं होतं, बोलल्यावर काहीतरी होईल. छत कोसळेल किंवा कुणीतरी म्हणेल, चूक झाली. तसं काही झालं नाही. मोठी माणसं खरं ऐकूनसुद्धा चहा पिऊ शकतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. मला त्यांची वाटणारी भीती तिथंच निम्मी गेली.

पाहुणे गेल्यावर साहेबांनी मला बाहेर पोर्चमध्ये गाठलं. आवाज खाली होता. "उद्यापासून येऊ नकोस."

"येणार."

"काय?"

"काढायचं असेल तर सगळ्यांना बोलवा, आणि का काढलं ते सांगून काढा. हळू आवाजात सांगितलेलं मी ऐकणार नाही."

ते वळले. गाडीत बसून गेले.

मी दुसऱ्या दिवशी गेले. कुणी अडवलं नाही. अडवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मोरीवर बसले, बाटल्या धुतल्या. तेव्हापासून रोज जाते. साहेब समोरून गेले की मान फिरवतात. पूर्वी मी फिरवायची. मांगीलाल भिया परत आलेत, ते आत जाता जाता म्हणतात, "बाई, थक जायेगी तू." मी म्हणते, "बघू कोण थकतं."

अदिती तिचं काम संपवून इंदूरला गेली. मशीनही गेलं. जाताना तिनं माझे दोन्ही हात हातात धरले आणि रडली. मी रडले नाही. ती एकदा बोलली, चांगलं झालं, पण तिनं पहिल्या दिवशी बोलायला हवं होतं, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलं.

मला आत घ्या, कोट द्या, असं मी आता कुणाला म्हणत नाही. वहिनीसाहेबांनी या संक्रांतीला निरोप पाठवला, पेले धुवायला ये. मी निरोप आणणाऱ्याला सांगितलं, येणार नाही. आजारी आहे म्हणून नव्हे, यायचं नाही म्हणून येणार नाही, असंच्या असं सांग. त्यानं तसं सांगितलं की नाही मला माहीत नाही. पुढच्या वेळी मी स्वतः जाऊन सांगेन.

अजून मला चार माणसांसमोर घाम फुटतो. फुटू दे. साहेबांनी माझ्यावर आळ मोठ्या आवाजात घेतला, सगळ्यांना कळेल अशा हिंदीत. तेवढ्याच मोठ्या आवाजात, त्याच हिंदीत, त्यांनी तो मागं घ्यायचा आहे. ते निवृत्त होईपर्यंत वेळ लागला तरी चालेल. मी त्यांच्या डोळ्यांसमोरून हलणार नाही.